सोपाऱ्याच्या शिळेवरील सम्राट

वसई म्हटले की शाळकरी मुलाच्या डोळ्यांसमोर किल्ला उभा राहतो. पोर्तुगीजांची तटबंदी, चिमाजी अप्पांची मोहीम आणि १७३९ चा विजय हा भाग आम्ही वर्गात शिकवीत आलो आहोत आणि तो शिकवलाच पाहिजे. परंतु त्या विजयाच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी याच भूमीवर एका सम्राटाने आपले म्हणणे शिळेवर कोरवून ठेवले होते. त्या लेखांतील जे अंश आज आपल्या हाती उरले आहेत, त्यांत विजयाची बढाई नाही. राजाने प्रवास कशासाठी करावा आणि गृहस्थाने मंगलकार्य कशाला म्हणावे, एवढेच त्यांत सांगितले आहे. तो सम्राट म्हणजे देवानांप्रिय प्रियदर्शी अशोक. आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत त्याचे चरित्र थोडक्यात मांडावे, आणि ते पाटलिपुत्राच्या राजवाड्यातून न पाहता सोपाऱ्याच्या शिळेजवळ उभे राहून पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

सोपारा हे प्राचीन काळी अपरान्ताचे, म्हणजे उत्तर कोकणाचे, प्रमुख बंदर होते. पाली वाङ्मयात ते सुप्पारक या नावाने येते. आज खाडी गाळाने भरली आहे आणि बंदराची आठवण नावापुरती उरली आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने ओळखली जाणारी टेकडी उकरली, तेव्हा आत विटांचा स्तूप सापडला. स्तूपाच्या गाभ्यात दगडी पेटी होती आणि त्या पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक एकात एक ठेवलेले होते. सोन्याची फुले विपुल होती. आणि या साऱ्या वैभवाने जे जपले होते ते होते एका भिक्षापात्राचे तुकडे. त्याच वर्षी अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यास मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे आणखी एक तुकडा सापडला. चौदा मुख्य शिलालेखांपैकी आठव्या आणि नवव्या लेखाचे अंश अशा रीतीने आपल्या परिसरातून जगापुढे आले. ज्या वर्षी नागपुरात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेच हे वर्ष. इतिहासाचा विद्यार्थी योगायोगाला पुरावा मानीत नाही. पण मन त्याची नोंद घेतल्याशिवाय राहत नाही.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र. राज्याभिषेकापूर्वी तो उज्जयिनीचा शासक होता, असे बौद्ध परंपरा सांगते. तक्षशिलेचे बंड शमविण्यासाठी त्याला पाठविल्याची कथाही आहे. त्याचा अभिषेक इ.स.पू. २६८ च्या सुमारास झाला. त्याने नव्याण्णव भावांना ठार मारून गादी मिळवली, अशी कथा सिंहली ग्रंथांत आहे. तथापि त्याच्या स्वतःच्या पाचव्या शिलालेखात भावाबहिणींच्या कुटुंबांचा उल्लेख येतो, म्हणजे त्याचे भाऊ त्या काळी हयात होते. धम्मामुळे झालेला पालट अधिक उठावदार दिसावा म्हणून आधीचा ‘चंडाशोक’ अधिक काळा रंगविला गेला असावा, असे आम्हांस वाटते. वस्तुतः अशोकाला अशा रंगाची गरज नव्हती. त्याचा खरा अपराध त्याने स्वतःच दगडावर कोरून ठेवला आहे.

अभिषेकानंतर आठ वर्षे झाली असता त्याने कलिंगावर स्वारी केली. दीड लाख माणसे देशोधडीला लागली, एक लाख रणात पडली आणि त्याहून कितीतरी पट माणसे नंतर मेली, हा आकडा शत्रूने दिलेला नाही. तो जिंकणाऱ्याने दिलेला आहे. जगातील राजे शिलालेख कोरवीत, ते किती नगरे जाळली आणि किती मस्तके छेदली याचा अभिमान मिरवण्यासाठी. अशोकाच्या तेराव्या लेखात तेच आकडे पश्चात्तापाच्या नोंदीत आले. जे प्रत्यक्ष मेले नाहीत, पण ज्यांचे आप्त, स्नेही, सोबती गेले, त्यांचे दुःखही त्याने आपल्या खात्यावर मांडले. आपल्या हातून घडलेल्या अन्यायाचा हिशोब कोणी मागण्याआधी स्वतःच मांडणे, ही त्याच्या नेतृत्वाची पहिली पायरी होय.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. युद्ध संपले आणि दुसऱ्या दिवशी राजा बदलला, असे घडले नाही. लघुशिलालेखात तो स्वतः सांगतो की उपासक होऊन त्याला अडीच वर्षांहून अधिक काळ झाला होता, परंतु त्यातले पहिले वर्षभर त्याने विशेष उद्योग केला नाही. संघाच्या सान्निध्यात आल्यावर मात्र त्याने मनापासून प्रयत्न केले. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा स्वामी आपल्या ढिलाईची कबुली देतो, ही साधी गोष्ट नव्हे. त्याच लेखात त्याने असेही नोंदवले की प्रयत्नाचे हे फळ केवळ थोरांसाठी राखून ठेवलेले नाही. लहान माणूसही उद्योगाने ते मिळवू शकतो. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या समाजात हे विधान किती दूरवर जाणारे होते, हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्याने सुधारणेचा आरंभ प्रजेपासून केला नाही; आपल्या मुदपाकखान्यापासून केला. पूर्वी राजाच्या स्वयंपाकासाठी रोज असंख्य प्राणी मारले जात. पहिला लेख कोरला गेला तेव्हा ती संख्या दोन मोर आणि एक हरिण इतकी खाली आली होती, आणि हरिणही रोजचे नव्हते. पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे त्याने जाहीर केले. आपण आज पूर्ण अहिंसक झालो, असा दावा तो करीत नाही. आधी काय होते, आता काय आहे आणि पुढे काय करावयाचे आहे, एवढेच तो प्रांजळपणे मांडतो. सार्वजनिक जीवनात प्रगतीचा अहवाल कसा लिहावा, याचा हा नमुना आहे.

त्याने दुसरी गोष्ट सोडली ती स्वतःच्या वेळेवरची मालकी. सहाव्या लेखात त्याने व्यवस्था लावून दिली की राजा जेवत असो, अंतःपुरात असो, शयनगृहात असो की उद्यानात असो, लोकांच्या कामाची वार्ता त्याच्यापर्यंत तत्काळ पोहोचली पाहिजे. त्याच्या तोंडी आज्ञेवरून मंत्रिपरिषदेत वाद उपस्थित झाला तर तोही त्याला लगेच कळविला पाहिजे. म्हणजे आपल्या आज्ञेवर चर्चा होऊ शकते, मतभेद होऊ शकतो, हे त्याने गृहीत धरले होते. एवढे काम करूनही आपले समाधान होत नाही, असे तो सांगतो; आणि हा आपला उपकार नसून जीवमात्रांचे देणे आपण फेडीत आहोत, अशी त्याची भूमिका होती. अधिकारपद हे कर्ज आहे आणि ते फेडावयाचे असते, ही भावना त्याच्या साऱ्या लेखांतून वाहते.

आता आपण सोपाऱ्याच्या आठव्या लेखाकडे येऊ. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. त्यात शिकार असे, करमणूक असे. अशोकाने अभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीची, म्हणजे बोधगयेची, यात्रा केली आणि तेव्हापासून विहारयात्रेच्या जागी धम्मयात्रा आली. या यात्रेत राजा करीत असे ती कामे लेखात दिली आहेत. श्रमण व ब्राह्मण यांना भेटणे आणि दान देणे, वृद्धांना भेटून त्यांच्या निर्वाहाची सोय करणे, आणि जनपदातील सामान्य माणसांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे व विचारपूस करणे. पूर्वी राजा गावात आला की गावाने राजाची सोय पाहावयाची. आता राजाने गावाची विचारपूस करावयाची, हा तो बदल होता. शिकारीपेक्षा या भेटींतच अधिक आनंद मिळतो, असेही तो नमूद करतो. कर्तव्य हे तोंड वाकडे करून पार पाडावयाचे ओझे नाही, हे त्याला उमगले होते. बंदरावर जहाजे लागत होती, व्यापारी व खलाशी ये-जा करीत होते, तेथे हा लेख संस्कृतात न कोरता लोकांच्या प्राकृत भाषेत कोरला गेला, याचेही मोल मोठे आहे.

राजा स्वतः चांगला असून भागत नाही. त्याच्या नावाने अधिकार गाजवणारे कसे वागतात, यावर प्रजेचे सुख अवलंबून असते. कलिंगातील धौली आणि जौगड येथील स्वतंत्र लेख याच चिंतेतून आले आहेत. तोसलीच्या महामात्रांना तो बजावतो की कोणालाही विनाकारण तुरुंगवास व छळ होता कामा नये. न्यायदानात आड येणारे दोषही तो मोजून दाखवितो. मत्सर, क्रोध, निष्ठुरता, उतावळेपणा, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा असे ते सात दोष आहेत. यांत लाचलुचपतीचा उल्लेख नाही, याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. पैसा न खाणारा अधिकारीदेखील केवळ आळसाने आणि उतावळेपणाने गरिबाचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकतो, हे अशोकाने ओळखले होते. हा लेख ठराविक तिथींना लोकांना वाचून दाखवावा, अशी आज्ञा होती. म्हणजे अधिकाऱ्याला दिलेली ताकीद जनतेच्या कानावरही पडत असे. शिवाय दर पाच वर्षांनी सौम्य वृत्तीचा महामात्र तपासणीस पाठविण्याची तरतूद त्याने केली. आपले राज्य सद्भावनेवर न सोडता त्याने देखरेखीची व्यवस्था उभी केली.

अभिषेकाच्या तेराव्या वर्षी त्याने धम्ममहामात्र नेमले. कैद्यांपैकी ज्याच्यावर मुलाबाळांचा भार आहे, जो वृद्ध आहे, त्याला दिलासा देण्याचे काम त्यांच्याकडे होते. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, जेथे औषधी वनस्पती नाहीत तेथे त्यांची लागवड, रस्त्याकडेला वड आणि आंबराया, विहिरी व विश्रांतिस्थाने ही त्याची कामे सर्वांना ठाऊक आहेत. स्वतः बौद्ध उपासक असून त्याने बराबर टेकडीतील गुहा आजीवकांना दान दिल्या. बाराव्या लेखात त्याने आपल्या पंथाची अवाजवी स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा टाळण्यास, जिभेवर संयम ठेवण्यास आणि एकमेकांचे ऐकून घेण्यास सांगितले आहे. अभिषेकाच्या विसाव्या वर्षी तो लुंबिनीस गेला, तेव्हा त्याने तेथे स्तंभ उभारला आणि त्या गावाचा करही कमी केला. तथागतांच्या जन्मस्थानाचा गौरव करताना तेथे राबणाऱ्या शेतकऱ्याचा भार हलका करावयास तो विसरला नाही.

सोपाऱ्याचा नववा लेख मात्र राजकारभाराचा नाही. तो थेट आपल्या घरात येतो. आजारपण, मुलामुलींची लग्ने, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात. त्यांचे फळ अल्प आणि संशयास्पद असते, असे अशोक सांगतो. स्त्रिया करीत असलेल्या विधींना क्षुल्लक म्हणण्याचा त्या काळचा सूर या लेखात आहे, तो आम्ही लपवीत नाही. परंतु पुढे जे येते ते महत्त्वाचे. खरे मंगल कोणते, तर दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान. यांत दास व सेवक आधी येतात. आणि हे एकमेकांस कोणी सांगावे, तर पित्याने, पुत्राने, भावाने, मालकाने, मित्राने, इतकेच नव्हे तर शेजाऱ्यानेही. नीतीची जबाबदारी राजाकडून निघून शेजाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत येते. नेतृत्व म्हणजे केवळ व्यासपीठ, हा आपला समज या एका यादीने मोडतो.

अशोकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण मूर्तिपूजा हा आमचा मार्ग नाही. त्याने सेवकांशी चांगले वागण्यास सांगितले, पण दास्य नष्ट केले नाही. त्याला पश्चात्ताप झाला, पण कलिंग त्याने परत केले नाही. आणि पश्चात्तापाचा तो तेरावा लेख कलिंगातील शिळांवर कोरलेला आढळत नाही. ज्यांची माफी मागावयाची त्यांच्यासमोर शब्द उच्चारणे सर्वांत कठीण असते, हे त्यातून दिसते. अटवीतील वनवासी लोकांना त्याने सौम्य शब्दांबरोबर आपल्या सामर्थ्याची आठवणही करून दिली. मृत्युदंड त्याने रद्द केला नाही. शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली. तो दोषरहित नव्हता. परंतु सत्ता हाती असताना त्याने स्वतःला तपासणीच्या बाहेर ठेवले नाही, आणि म्हणूनच आज आपण त्याला त्याच्याच मापाने मोजू शकतो.

इ.स.पू. २३२ च्या सुमारास अशोकाचा अंत झाला. शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ देण्यासाठी अर्धा आवळा तेवढा उरला आणि तोही त्याने संघाला दान दिला, अशी कथा बौद्ध परंपरेत आहे. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत मौर्य सत्ता लयास गेली. ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नाही आणि शिळा मुक्या झाल्या. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली, आणि १९१५ साली मस्कीच्या लेखात अशोक हे नाव सापडल्यावर प्रियदर्शी राजा तोच, यावर शिक्कामोर्तब झाले. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजावर धम्मचक्र स्वीकारले. ध्वजाचा विचार करणाऱ्या समितीत बाबासाहेब होते. १९५० साली सारनाथचे सिंहशीर्ष प्रजासत्ताकाची मुद्रा झाले. १४ ऑक्टोबर १९५६ हा धम्मदीक्षेचा दिवस अशोक विजयादशमीचाच होता.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकजण आज महापालिकेत, रेल्वेत, बँकेत, शाळांत, रुग्णालयांत जबाबदारीच्या जागी आहेत. कोणी गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहेत, कोणी विहार समितीचे किंवा जयंती मंडळाचे पदाधिकारी आहेत. ज्या वर्गखोल्यांत तुम्ही बसलात, त्यांच्या भिंती समाजाच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या, हे तुम्हांस ठाऊक आहे. म्हणून अशोकाचे चरित्र आपण आपल्याच टेबलावर ठेवून वाचावे. आपल्या कचेरीत आलेला अशिक्षित म्हातारा किती फेऱ्या मारतो? आपल्या घरी भांडी घासणाऱ्या ताईंना आजारपणात पगारी सुट्टी मिळते काय? मंडळाचा जमाखर्च मागितल्यावर दाखवितो की मागण्याआधी फलकावर लावतो? जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर जेवढे खर्च होतात, त्यातले वसतिगृहाच्या ग्रंथालयाकडे किती वळतात? नववा लेख आजच्या वसईत कोरला गेला असता तर त्याने हेच विचारले असते, असे आम्हांस वाटते.

हे प्रश्न आम्ही उपदेशकाच्या उंचीवरून विचारीत नाही. आम्हीही समित्यांवर बसलो आहोत आणि आमच्याही वह्यांत काही पाने कोरी राहिली आहेत. राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध बाबासाहेबांनी १९४९ साली संविधान सभेत दिलेला इशारा आपल्या घरच्या संस्थांनाही लागू आहे. नेत्याने स्वतःची चूक मोजून सांगावी आणि अनुयायांनी निर्भयपणे हिशोब मागावा, तरच संघटना टिकते.

येत्या बुद्धपौर्णिमेला आपल्यापैकी पुष्कळजण सोपाऱ्याच्या स्तूपावर जातील. मुलाबाळांना सोबत न्यावे. मेणबत्ती लावून झाल्यावर त्यांना तेथेच बसवून सांगावे की या मातीत सोन्याच्या करंडकात एक फुटके भिक्षापात्र जपलेले होते, आणि या परिसरातील शिळेवर एका सम्राटाने मंगलाची यादी करताना सेवकाचे नाव आधी घातले होते. परतताना रिक्षावाल्याशी आपण कसे बोलतो, हे मुले पाहतीलच.

नमो बुद्धाय. जय भीम.